खुर्च्या कोणी काढल्या

मिनिटबाईंच्या हातून दूध कधी उतू गेलं नाही. ते उतू गेल्याचं आढळून यायचं. कपाचा कान तुटल्याचं निदर्शनास यायचं. आणि भाजीत मीठ दोनदा पडलं, तर "मीठ जरा पुढे गेल्यासारखं वाटतंय" असं जेवायला बसल्यावर त्या स्वतःच जाहीर करायच्या, जणू मीठ आपल्या पायांनी डब्यातून पातेल्यात चालत गेलं होतं. त्यांचे यजमान जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, सरळ रस्त्याचा माणूस. ते म्हणायचे, "अगं, आढळून कसलं येतंय? तू शेगडीजवळच उभी होतीस की!"

"एक मिनिट," बाई म्हणायच्या, "मी दूध गेलं एवढंच म्हणाले. कोणी घालवलं हा विषय आज घेतलेला नाही."

दोष बाईंचा नव्हता, नोकरीचा होता. बाई एका मोठ्या इस्पितळात व्यवस्थापन मंडळाच्या सचिव होत्या. मंडळाची बैठक भरली की कोण काय बोललं, शेवटी काय झालं, ते सगळं टिपून इंग्रजीत लिहायचं, हे त्यांचं काम. इंग्रजीत अशासाठी, की मंडळावर माणसं ठिकठिकाणची, बोलायला सगळे मराठी बोलत, पण ते वाचणं सगळ्यांना जमत नसे. या लिखाणाला मिनिट्स म्हणतात. दोन-अडीच तास चाललेल्या भांडणाला मिनिट्स का म्हणावं हे देव जाणे, पण त्यावरून बाईंचं नाव मिनिटबाई पडलं, आणि दर दोन वाक्यांमागे "एक मिनिट" म्हणून समोरच्याला थांबवायची खोड असल्यामुळे ते अंगाला चिकटलंही.

काम त्यांना आधीच्या सचिवांनी शिकवलं होतं. ते म्हणत, "बाई, माणूस काढा, काम ठेवा." त्यामागे कारण होतं. फार पूर्वी मिनिट्समध्ये कोण काय म्हणालं हे नावानिशी लिहीत असत. एकदा एका सभासदाला दुसऱ्याने मूर्ख म्हटल्याचं जसंच्या तसं लिहिलं गेलं, ते पुढच्या बैठकीत वाचून दाखवलं गेलं, आणि प्रकरण पेपरवेट फेकण्यापर्यंत गेलं. तेव्हापासून नाव बंद. जे झालं ते आपोआप झालं अशा चालीत लिहायचं.

आणि बाईंनी त्या चालीत असा हात बसवला की विचारू नका. 'इट वॉज नोटेड' म्हणजे ऐकलं, आता कोणी काही करणार नाही. 'इट वॉज फेल्ट' म्हणजे एकाला फार वाटलं आणि बाकीचे बिस्किटं खात होते. 'सजेस्टेड' लिहिलं की समजावं, सूचना अध्यक्षांना नको आहे पण माणूस दुखवायचा नाही. भांडण होऊन मिटलं तर 'अग्रीड'. आणि 'इट वॉज डिसायडेड' लिहिताना बाई पेन जरा दाबून धरत, कारण त्या वाक्यावर माणसं कामाला लागायची. रंगारी शिडी लावायचा, प्लंबर नळ उपटायचा. दुसऱ्या विभागातल्या एका नव्या पोरीने 'फेल्ट'च्या जागी 'डिसायडेड' लिहिलं, तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "अगं, हे सर्दीच्या पेशंटला भूल देण्यासारखं झालं!" बाईंच्या मिनिट्समध्ये आजवर कोणी स्वल्पविराम बदलला नव्हता. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा?

आता मंडळाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. या मंडळात कोणी हात वर करत नसे. मतं घेणं म्हणजे भांडण उकरून काढणं, असं सगळ्यांचं मत. विषय निघाला, बोलणं झालं, अध्यक्ष "हं, पुढे" म्हणाले आणि त्यावर कोणी तोंड उघडलं नाही, की ते ठरलं. अध्यक्ष म्हणजे मोठे डॉक्टर, नावाजलेले सर्जन, टेबलावर हात असा ठेवायचे जणू खाली पेशंट आहे. त्यांनी "पुढे" म्हणायचं, बाईंनी शांतता ऐकायची आणि कागदाच्या कडेला एक खूण करायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं.

त्या दिवशी बैठक लांबली होती. चहा गार झालेला, बिस्किटांच्या बशीत चुरा उरलेला, मोठ्या डॉक्टरांना ऑपरेशनला जायचं होतं. शेवटचा विषय मुलांच्या वॉर्डाच्या स्वच्छतेचा. स्वच्छतेचं खातं ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे मागून फिनाईलसाहेब म्हणत, कारण ते येण्याआधी त्यांचा वास यायचा. फिनाईलसाहेब कळवळून बोलले. फरशी चिकट राहते, माणसं कमी पडतात, खाटांशेजारी आईबापांसाठी खुर्च्या आहेत त्यांच्याखाली पोछा जात नाही. खजिनदारबाई चष्मा पुसत होत्या. कोणीतरी "काढा मग त्या" असं काहीतरी पुटपुटलं. मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "हं, पुढे."

कोणीच बोललं नाही. बाईंनी कडेला खूण केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेटकं वाक्य लिहिलं. इट वॉज डिसायडेड की मुलांच्या वॉर्डातल्या खाटांशेजारच्या खुर्च्या काढून टाकण्यात याव्यात. व्याकरणात नाव ठेवायला जागा नाही. कागद भांडाराकडे गेला. भांडारवाला आज्ञाधारक माणूस, त्याने ढकलगाडी आणून सगळ्या खुर्च्या एकावर एक रचल्या आणि बॉयलरमागच्या शेडमध्ये नेऊन ठेवल्या.

जेवणाच्या सुट्टीत सिस्टर जिना चढून वर आल्या. या सिस्टर म्हणजे मुलांच्या वॉर्डाच्या मुख्य परिचारिका. बाई आणि सिस्टर एकाच वर्षी इस्पितळात लागल्या, तेव्हापासून दोघींनी डबा एकमेकींबरोबर खाल्ला. पण आज सिस्टरांच्या हातात डबा नव्हता.

"खुर्च्या कोणी काढल्या गं?"

"तसं ठरलंय," बाई म्हणाल्या. "ये, बस."

"कोणी ठरवलं?"

"मंडळानं."

"मंडळाला तोंड असतं का? मला माणूस सांग. जाऊन विचारते त्याला, तुमचं पोरगं कधी आजारी पडलं होतं का म्हणून."

"एक मिनिट. तू माझ्यावर का ओरडतेस? मी ठरवणारी कोण? मी नुसतं लिहिते."

मग सिस्टर बोलल्या ते हळू बोलल्या, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "पायाला प्लॅस्टर घातलेला एक मुलगा आहे. हात सोडला की रडतो. त्याची आई पोटुशी आहे, दिवस भरत आलेत. आज सकाळपासून ती त्याचा हात धरून उभी आहे. मी तिला पाय धुवायच्या बादलीवर बसवून आले, बादली पालथी घालून. तू जेव."

आणि त्या निघून गेल्या. बाईंनी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि परत बंद केला.

त्याच दुपारी सिस्टर शेडमध्ये गेल्या, रचलेल्या ढिगातली एक खुर्ची ओढून काढली आणि स्वतः डोक्यावर घेऊन वॉर्डात आणली. फिनाईलसाहेबांना बातमी लागायला किती वेळ? खुर्ची संध्याकाळच्या आत पुन्हा शेडमध्ये गेली आणि तक्रार वर आली. मुख्य परिचारिकेने मंडळाच्या निर्णयाचा भंग केला. पुढच्या बैठकीत विषय ठेवावा, आणि त्यांना मुलांच्या वॉर्डातून हलवून तळघरातल्या नोंदणी विभागात पाठवावं. विषयपत्रिका टाईप करायचं काम अर्थातच मिनिटबाईंचं.

सिस्टरांना मुलांच्या वॉर्डातून काढायचं म्हणजे माशाला सांगायचं, बाबा रे, पाणी सोड आणि कपाटात बस. नोकरी संपायला थोडीच वर्षं उरली होती, ती त्यांनी तळघरात शिक्के मारत काढायची? ज्या बाईने अर्ध्या शहराची पोरं ताप उतरेपर्यंत मांडीवर घेतली, तिने? आणि कशासाठी, तर बाईंच्या एका वाक्यासाठी.

दुसऱ्या दिवशी त्या खाली वॉर्डात गेल्या. काय गंमत आहे बघा, इतकी वर्षं त्या वॉर्डाबद्दल लिहिलं, पण बाई तिथे शेवटच्या कधी गेल्या होत्या ते त्यांनाच आठवेना. लांबट खोली, दोन्ही बाजूंना खाटा, भिंतीवर कोणीतरी रंगवलेले ससे, त्यातल्या एकाचा कान ओलीने फुगलेला. फरशी मात्र खरंच चकाचक होती. एक आजोबा खाटेच्या कडेला अर्धं अंग टेकून उभे होते, नातवाला धक्का लागू नये म्हणून दुसरं अंग सांभाळत. एक बाप भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला होता आणि प्रत्येक वेळी नर्स जवळून गेली की धडपडून उभा राहत होता.

प्लॅस्टरवाला मुलगा खिडकीजवळ होता. त्याची आई उभी होती. एका पायावर भार, मग दुसऱ्या पायावर, एक हात कमरेवर आणि दुसरा मुलाच्या मुठीत. चपला काढून ठेवलेल्या, कारण पाय त्यात मावत नव्हते.

"तुम्ही वरच्या ऑफिसातल्या ना?" ती म्हणाली. "खुर्च्या नेल्यात, परत कधी येतील काही कळेल का हो?"

बाईंच्या तोंडून सवयीने निघालं, "तसं ठरलंय."

"हो का," ती म्हणाली. आणि वर म्हणते कशी, "असेल काहीतरी कारण."

राग नाही, तक्रार नाही. वीज जाते, नळाला पाणी येत नाही, तसं हे. वीज गेली म्हणून कोणाच्या अंगावर जायचं? तिने पाय बदलला आणि मुलाच्या अंगावरची चादर सारखी केली. बाई "येते हं" असं काहीतरी पुटपुटल्या आणि जिन्यावर येऊन कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांना लाज वाटली. सिस्टरांच्या ओरडण्याने वाटली नव्हती, ती या "असेल काहीतरी कारण"ने वाटली.

मग बाईंनी ठरवलं, की ठरवणारा शोधायचा.

पहिल्यांदा त्या फिनाईलसाहेबांकडे गेल्या. साहेब चकित झाले. "मी? मी फरशीचं बोललो, बाई. मला पोछ्याला माणसं वाढवून हवी होती. खुर्च्या काढा असं माझ्या तोंडून निघालं असेल तर जीभ झडेल माझी. मंडळाला तसं वाटलं, म्हणून ठरलं. मी निर्णय पाळतो."

"मग 'काढा मग त्या' कोण म्हणालं?"

"तुम्हीच लिहून घेत होता की."

ते खरं होतं. पण बाई नावं लिहीत नव्हत्या ना! माणूस काढा, काम ठेवा. आवाज आठवत होता, तोंड आठवत नव्हतं.

खजिनदारबाई म्हणाल्या, "मला मुळीच पटलं नव्हतं हो. पण मोठ्या डॉक्टरांना हवंय असं दिसलं, मग कशाला वाईटपणा घ्या?" आणखी दोघं सभासद होते, जे बिस्किटांपुरतेच तोंड उघडत. त्यांनाही हेच वाटलं होतं, की बाकीच्यांना हवंय.

मोठे डॉक्टर हात धूत होते. ऑपरेशनला निघालेला माणूस, कोपरापर्यंत फेस. "खुर्च्या? मी फक्त 'पुढे' म्हणालो. मला वाटलं तुम्हा सगळ्यांचं एकमत आहे. कोणी हरकत घेतली नाही." मग जरा थांबून म्हणाले, "चुकलं असेल तर बघू पुढेमागे. पण सिस्टरांनी असं करायला नको होतं. निर्णय तो निर्णय. आज खुर्ची आणली, उद्या कोणी खाट नेईल. लिहिलेलं आहे ना?"

"आहे," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. यजमान भाजी निवडत बसले होते. बस सोडल्यापासून भाजी तेच निवडायचे, आणि प्रत्येक शेंग आरशात बघितल्यासारखी उलटसुलट करून बघायचे.

"सगळे म्हणतात मी नाही," बाई म्हणाल्या. "कोणालाच नको होतं. तरी ठरलं!"

"म्हणजे खुर्च्या चालत गेल्या?"

"थट्टा नको. भांडारवाल्यानं नेल्या. त्याला कागद गेला होता."

"कागद कोणी पाठवला?"

"मी. पण मी फक्त..."

यजमानांनी शेंगेवरून डोळे वर केले. "आमच्याकडे बस चढली ना फुटपाथवर, तर 'बस चढल्याचं आढळून आलं' म्हणून सोडत नव्हते. स्टेअरिंगवर हात कोणाचा होता ते आधी विचारायचे."

"मी स्टेअरिंगवर नव्हते! मी नुसती..." बाई थांबल्या.

"काखेत कळसा," यजमान सावकाश म्हणाले, "आणि गावाला वळसा."

बाई भडकल्या. तुम्हाला काय कळतंय मिनिट्समधलं, म्हणाल्या. जन्मभर गिअर टाकलेत, म्हणाल्या. ताट आपटलं, आणि ते आपटलं गेल्याचं आढळून आलं असं काही बोलल्या नाहीत. पण जेवताना तेच डोक्यात घोळत राहिलं. सगळे गप्प होते हे खरं. गप्प राहणं म्हणजे हो म्हणणं असं कोणी केलं? त्या कडेच्या खुणेनं केलं. खूण कोणी केली? त्या दिवशी त्यांना स्वतःला तरी पटलं होतं का? नव्हतं. खूण करताना क्षणभर मनात आलं होतं, अरे, आयांनी बसायचं कुठे? आणि त्यांनी तो विचार बाजूला सारला, कारण विचार करणं हे सचिवाचं काम नव्हे.

आता करायचं काय? दर बैठकीच्या सुरुवातीला मागच्या मिनिट्स वाचून पक्क्या करतात. मोठे डॉक्टर विचारतात, काही दुरुस्ती? कोणी बोलत नाही, की झाल्या पक्क्या. त्यावर कोणी बोट ठेवायचं तर सचिवानेच म्हणायला हवं, माझं लिखाण चुकीचं आहे. ज्या लिखाणात कोणी स्वल्पविराम हलवला नाही, ते! पण ते वाक्य पक्कं झालं की सिस्टरांनी भंग केला हेही पक्कं. मग तळघर. यातून दुसरी वाट नव्हती.

बैठकीच्या दिवशी सकाळी बाई नेहमीपेक्षा आधी आल्या. त्यांची स्वतःची खुर्ची चाकांची होती, बूड झिजलेली. त्यावर घरून आणलेली गादी होती, तिचा कापूस एका बाजूला सरकलेला. एक चाक कुरकुरायचं. बाईंनी ती खुर्ची टेबलामागून काढली आणि ढकलत लिफ्टकडे नेली. लिफ्टमधून खाली, मग लांब व्हरांड्यातून. कुर्रर, कुर्रर, कुर्रर. झाडूवाली थांबून बघायला लागली. रक्त तपासायच्या रांगेतल्या लोकांना वाटलं, आता या खुर्चीतून पेशंट येणार. बाईंचे कान लाल झाले होते, पण त्या समोर बघत चालत राहिल्या.

वॉर्डात प्लॅस्टरवाल्या मुलाशेजारी खुर्ची लावून त्या म्हणाल्या, "बसा."

ती बसली. बसताना तिच्या तोंडून असा आवाज निघाला, की बाईंनी मान दुसरीकडे वळवली. सिस्टर दुसऱ्या टोकाला औषधांच्या ट्रेपाशी होत्या. त्यांनी खुर्ची पाहिली, बाईंना पाहिलं आणि परत औषधं मोजायला लागल्या. दोघींचं बोलणं त्या दुपारनंतर झालंच नव्हतं.

बैठक भरली. चहा आला. बाई टेबलाच्या कोपऱ्यावर वही घेऊन उभ्या राहिल्या. मोठे डॉक्टर कागद चाळत म्हणाले, "बसा ना."

"खुर्ची नाही, साहेब."

"नाही म्हणजे? कुठे गेली?"

"मुलांच्या वॉर्डात."

फिनाईलसाहेब ताठ झाले. "पुन्हा? बघा, मी म्हणत नव्हतो? एकदा मोकळं सोडलं की हे असंच चालतं. कोणी नेली?"

आता बघा, बाईंना त्या क्षणी किती वाक्यं येत होती. नेण्यात आली. हलवण्यात आली. तशी गरज भासली. सगळी व्याकरणशुद्ध. जिभेवर तयार.

"मी नेली," त्या म्हणाल्या.

खोलीत चमचा वाजायचा थांबला.

"आणि मिनिट्स पक्क्या करायच्या आधी मला एक सांगायचंय. खुर्च्यांबद्दलचं वाक्य चूक आहे. मंडळानं ते ठरवलं नव्हतं. मी तुमच्यापैकी प्रत्येकाला विचारून आले. कोणालाच ते नको होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना हवंय. तुम्ही सगळे गप्प बसलात, आणि त्या गप्प बसण्याचा निर्णय मी केला. मी लिहिलं. माझ्या कागदावर खुर्च्या गेल्या. तेव्हा निर्णय माझा, मला तो घ्यायचा अधिकार नव्हता, आणि जो निर्णयच नव्हता त्याचा भंग सिस्टरांनी केला नाही. तळघरात कोणाला पाठवायचं असेल, तर मला पाठवा. शिक्के मारता येतात मला."

त्या अजून उभ्याच होत्या. उभं राहणं सोपं नसतं, हे तेव्हा त्यांना कळलं.

मोठे डॉक्टर टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत होते. मग सवयीने म्हणाले, "हं, पु..." आणि थांबले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी घसा साफ केला.

"नाही. पुढे नाही. आधी हे. खुर्च्या परत लावायच्या की नाही, एकेकानं तोंडानं सांगा. मी आधी सांगतो. लावायच्या. आणि तेव्हा मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही."

खजिनदारबाई म्हणाल्या, "लावायच्या. मी तेव्हाच बोलायला हवं होतं." बिस्किटवाल्यांपैकी एक जण कपात बघत म्हणाला, "काढा मग, असं बहुतेक मीच म्हणालो होतो. म्हणजे, थट्टेत. लावायच्या." दुसराही लावायच्या म्हणाला. फिनाईलसाहेब शेवटी राहिले. ते चिडलेले होते, पण माणूस वाईट नव्हता. "लावा," ते म्हणाले, "पण पोछ्याला माणसं द्या मला!" तेही मान्य झालं, या खेपेला एकेकाला विचारून. सिस्टरांवरची तक्रार साहेबांनी स्वतःच्या तोंडाने मागे घेतली. मोठे डॉक्टर बाईंना एवढंच म्हणाले, की यापुढे मी "पुढे" म्हटलं आणि खोली गप्प असली, तर लिहू नका, मला विचारा.

बैठक संपल्यावर बाई खाली गेल्या. भांडारवाल्याची ढकलगाडी त्यांच्या आधी पोचली होती. आजोबा नातवाच्या शेजारी बसल्या-बसल्या डुलकी घेत होते. सिस्टरांना बातमी कळलेली होती, इस्पितळात बातमीला लिफ्ट लागत नाही. त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "दुपारी डबा आणते वर," म्हणाल्या. तेवढं बाईंना पुरलं.

खिडकीजवळची ती आई बाईंच्या गादीवर टेकून बसली होती, मुलगा तिचं बोट धरून झोपलेला. बाईंना बघताच ती सावरून उठायला लागली. "खुर्ची न्यायची का? पुन्हा काही ठरलं का?"

"नाही हो, बसा. ती राहू द्या." बाई जरा घुटमळल्या. "तुम्ही म्हणाला होतात ना, असेल काहीतरी कारण म्हणून. खुर्च्या मी काढल्या. माझ्या कागदामुळे गेल्या. कारण काही नव्हतं. माझं चुकलं."

त्या आईच्या चेहऱ्यावर रंग चढायला लागला.

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही काढल्यात? अहो, माझे पाय बघा! चपला घालता येत नाहीत मला! इतके दिवस मी उभी आहे इथे, पोट हे एवढं घेऊन, आणि मनात म्हणतेय, असेल बाई काही, मोठी माणसं आहेत, त्यांना कळत असेल! आणि कारणच नव्हतं? एकदा खाली येऊन बघायला काय झालं होतं तुम्हाला? तुम्हाला पोरंबाळं नाहीत का?"

आवाज चढला. आजोबा जागे झाले, नर्स वळून बघायला लागल्या, भिंतीजवळचा बाप खुर्चीतून पुढे झुकला. सिस्टर मध्ये पडायला निघाल्या, तेव्हा बाईंनी हातानेच त्यांना थांबवलं. ती बोलत राहिली. साठलेलं सगळं बोलली, पायांचं, कंबरेचं, पालथ्या बादलीचं, तिला बसायला जागा नाही म्हणून मुलगा कसा रडायचा त्याचं. बोलता बोलता रडली आणि रडता रडता पुन्हा बोलली.

मिनिटबाईंनी उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "एक मिनिट" म्हणाल्या नाहीत.